रोमेनियन साहित्याचे इतिहासकार जॉर्जे कलिनेस्कू कोण होते?

थोडक्यात सांगायचं तर, रोमेनियन साहित्याचा सर्वांत गाजलेला इतिहास लिहिणारा माणूस. जन्म बुखारेस्टचा, १८९९ चा. आई घरकाम करणारी. त्यांना दत्तक घेतलं ते कलिनेस्कू कुटुंबाने, आडनाव तिथलं. पुढे इटालियनचा अभ्यास आणि रोममध्ये काही काळ शिष्यवृत्ती.

१९३२ मध्ये त्यांनी कवी मिहाई एमिनेस्कूचं चरित्र लिहिलं. पण खरा पसारा १९४१ चा: आरंभापासून आपल्या काळापर्यंतचा साहित्येतिहास, सुमारे हजार मोठी पानं, तेही एकहाती! लेखकांची व्यक्तिचित्रं तर अशी रंगवलेली की कादंबरी वाचतोय असं वाटावं. (कादंबरीकार ते होतेच; १९३८ ची ‘ओतिलियाचं कोडं’ त्यांचीच.) निकाल मात्र बेधडक, पूर्ण तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. माझ्या मते तीच त्यातली गंमत आहे.

ज्यू लेखकांना त्यात मानाने जागा दिली म्हणून उजव्या राष्ट्रवाद्यांनी झोड उठवली. नंतर कम्युनिस्ट राजवटीत १९४९ साली विद्यापीठातलं अध्यापन सुटलं. १९६५ मध्ये ते गेले. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली थेट १९८२ मध्ये.