वाचकांचे प्रश्न : ठेका कानावर पडला की पाय का हलतात?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे लय आणि शरीर या एकाच विषयावरची निघाली, म्हणून या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्नांचा आशय तेवढा छापला आहे.

प्रश्न : विट्याजवळच्या एका शाळेत मी लेझीमचे पथक बसवते. हलगीवाला जाळावर हलगी शेकून घेतो, एका हातात आखूड जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात लांब बारीक काडी धरून ठेका सुरू करतो, आणि मैदानाच्या कडेला बसलेली पहिलीची मुले, पालक, अगदी काठी टेकून आलेले आजोबासुद्धा पाय हलवू लागतात. हे माणसात उपजत असते का? तसे असेल तर पाचवीतील एक मुलगा काही केल्या ठेक्यात का येत नाही? त्याला पथकातून वगळावे का?
– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : मुलाला वगळू नये, हे आधीच सांगून टाकतो. त्याचे कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की आवाज कानात शिरतो, मेंदूला कळतो आणि मग पाय हलतो. ठेक्याच्या बाबतीत हा क्रम लागू पडत नाही. अचानक आलेला आवाज ऐकून बोट दाबायला माणसाला साधारणपणे सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. मुलांचे पाय प्रत्येक ठोका ऐकून मगच पडत असते, तर सगळे पथक हलगीच्या मागे तेवढे रेंगाळताना दिसले असते आणि चकत्यांचा खणखणाट ठोक्यावर कधीच बसला नसता. प्रयोगात दिसते ते याच्या अगदी उलट आहे. नियमित ठोक्यांबरोबर बोट टेकवायला सांगितले, तर बहुतेक माणसांचे बोट ठोक्याच्या काही शतांश सेकंद आधीच टेकते आणि आपण घाई केली हे त्यांना जाणवतही नाही. म्हणजे पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधून शरीर त्या जागेकडे आधीच निघालेले असते. मैदानावर हे सहज पडताळता येईल. ‘चार आवाज’ हा लेझीमचा प्रकार चालू असताना मुलांना न सांगता हलगीवाल्याला मधले चार ठोके गाळायला सांगा. मुले क्षणभर एकमेकांकडे बघतील, पण पाय पडत राहतील आणि पाचवा ठोका आला की तो पुष्कळांच्या पावलावरच येईल.

हा अंदाज बांधण्याचे काम मेंदूतील हालचालींची आखणी करणारे भाग करतात, ही गेल्या वीस वर्षांत मेंदूच्या प्रतिमाचित्रणातून पुढे आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. यंत्रात निपचित पडलेल्या, बोटही न हलवणाऱ्या माणसाला ठेका ऐकवला, तरी मेंदूच्या पृष्ठभागावरील हालचालींची पूर्वतयारी करणारे पट्टे आणि खोलवर असलेली ‘बेसल गँगलिया’ नावाची केंद्रे कामाला लागलेली दिसतात. ठेका ऐकणे हेच अर्धे हलणे असते, असे म्हटले तरी चालेल. ते पुरते दाबून टाकणेही अवघड जाते. नॉर्वेमधील ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी स्तब्ध उभे राहण्याच्या स्पर्धाच भरवल्या आणि स्पर्धकांच्या डोक्याची हालचाल मोजली. अजिबात हलायचे नाही हा एकच नियम असूनही, शांततेपेक्षा संगीत चालू असताना डोकी किंचित जास्त हलली.

कोणताही ठेका मात्र सारखाच चालत नाही. माणसाला मनाप्रमाणे बोट आपटायला सांगितले तर दोन ठोक्यांत साधारण अर्ध्या ते पाऊण सेकंदाचे अंतर राहते आणि सहज चालीत मिनिटाला ११० ते १२० पावले पडतात. या दोन्ही गती एकमेकींच्या जवळच्या आहेत, आणि नाचाचे बहुतेक ठेके त्याच आसपास घुटमळतात. हलगी द्रुत झाली की दोन ठोक्यांतील अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी होते. तेव्हा प्रत्येक ठोक्यावर पाऊल टाकणे शक्यच नसते. मग पाय दर दुसरा किंवा चौथा ठोका उचलतात, आणि कोणता उचलायचा हे मुलांना शिकवावे लागत नाही.

हलगीबरोबर घुमके असले तर फरक पडतो, हे तुम्ही पाहिले असेल. खालच्या, घुमणाऱ्या आवाजावर शरीर अधिक चटकन आणि अधिक अचूक बसते. हा आवाज कानाबरोबर छातीला आणि पोटालाही जाणवतो, शिवाय कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे त्यालाही तो चाळवतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका प्रत्यक्ष मैफलीत, कानाला ऐकू येणार नाहीत इतके खालचे सूर काढणारे ध्वनिक्षेपक मधूनमधून चालू-बंद केले. ते चालू असताना श्रोते सुमारे १२ टक्के जास्त हलले आणि काही बदलले आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींचे समर्थन कोणी करू नये. ठेका अंगात उतरायला कान बधिर होण्याइतका आवाज लागत नाही, आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आता उपजतपणाविषयी. हंगेरी येथील २००९ च्या एका अभ्यासात, दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवून त्यातील मुख्य ठोका मधेच गाळला, तेव्हा बाळांच्या मेंदूने त्या रिकाम्या जागेची नोंद घेतली. ठेक्याची अपेक्षा इतकी लवकर असते, पण शरीर त्यावर नेमके बसवणे पुष्कळ उशिरा येते. पाच-सहा महिन्यांची बाळे वाजंत्री ऐकून हातपाय हलवतात खरी, मात्र तो हलण्याचा आनंद असतो, ताल धरणे नसते. मधल्या काळात जे घडते त्यात आपल्या घरांचा वाटा मोठा आहे. कॅनडामधीलच २००५ च्या एका प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांना कुठेही जोर नसलेला सहा मात्रांचा ठेका ऐकवला. काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला उसळवले आणि काहींना दर तिसऱ्या मात्रेला. नंतर प्रत्येक बाळाने ज्या मात्रांवर ते उसळले होते त्याच मात्रांवर जोर असलेला ठेका अधिक वेळ ऐकला. कानांना ऐकू आलेला ठेका दोघांचा एकच होता. त्याची घडण शरीराने ठरवली. आजी नातवाला मांडीवर घेऊन नाचवते आणि बडबडगीत म्हणते, तेव्हा ती हेच शिक्षण देत असते.

तुमच्या विद्यार्थ्याचे उत्तर इथे आहे. ठेका खरोखरच न जाणवणारी माणसे असतात, अशा एका तरुणाची पहिली सविस्तर नोंद कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये केली, परंतु ती फार विरळा. दहा-अकरा वर्षांचे मूल चुकते ते बहुधा एका वेळी पाय, कंबर, दोन्ही हात आणि लेझीमचे वजन सांभाळावे लागते म्हणून. त्याच्या हातातील लेझीम काही दिवस काढून घ्या. नुसते हलगीवर चालू द्या, मग चालता चालता टाळ्या आणि त्यानंतर लेझीम. त्याला रांगेच्या टोकाला न ठेवता, लय पक्की असलेल्या मुलासमोर तोंड करून उभे करा. अडीच वर्षांपासूनची लहान मुलेही नुसत्या आवाजापेक्षा किंवा यंत्रापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर अधिक चांगला ताल धरतात, हे जर्मनीत २००९ मध्ये दिसून आले आहे. त्याला आकडे मोजायला मात्र लावू नका, कारण मोजताना लक्ष आकड्यांवर जाते आणि पाय मागे राहतात. एकदा त्याचे कानही तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणारी मुले वर्गात ‘लक्ष नसलेली’ म्हणून खपून जातात.

प्रश्न : मी तबला शिकतो. मिरासाहेब दर्ग्यातील उरुसाच्या संगीत सभेत समोर बसलेले श्रोते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकदम मान हलवतात. त्यांतील कित्येकांना ताल मोजता येत नाही. मग सम त्यांना कळते कशी?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : वर सांगितलेला अंदाजच इथे मोठ्या आवाक्यात काम करतो. तीनतालाच्या सोळा मात्रा श्रोता मोजत नाही. तो ठेक्याचा घाट ओळखतो. नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे टाळी न देण्याची जागा, येते आणि तिच्यामागून येणाऱ्या ‘तिं तिं ता ता’ या बोलांत डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा काढून घेतलेला असतो. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला तो परत येतो, तेव्हा अंगाला सम जवळ आल्याची वर्दी मिळालेली असते. तिहाई तर याच अपेक्षेवर उभी आहे. एकच तुकडा दोनदा ऐकला की तिसरा कुठे संपणार हे मान आधीच जाणते. २०११ मधील मॉन्ट्रियलच्या एका अभ्यासात असे आढळले की संगीतातील परमोच्च क्षण येण्यापूर्वीच, त्याच्या नुसत्या चाहुलीने, मेंदूत डोपामाइन हे सुखाशी निगडित द्रव्य स्रवू लागते. समेवरची मान ही त्या वाट पाहण्याची पावती आहे.

विलंबित, म्हणजे संथ लयीतील, ख्यालाबद्दल तुम्ही विचारले नसले तरी तुमच्या शिक्षणाच्या दृष्टीने लिहितो. दोन ठोक्यांत दोन सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंतर पडले की माणसाला त्यांचा अंदाज धरता येत नाही आणि प्रत्येक ठोका सुटा वाटू लागतो. अतिविलंबित एकतालात एक मात्रा याहूनही लांब असते. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्याने मिरजेचे नाव झाले, त्यांच्या किराणा घराण्यात संथ आलापीला मोठे स्थान आहे. अशा गायकीमागे बसलेला तबलजी ‘तिरकिट’सारखे बोल भरून मात्रेचे लहान भाग करून देतो, म्हणूनच गायकाची आणि श्रोत्याची लय तुटत नाही. ते भरणे शोभेसाठी असते असे समजून हात सैल सोडू नका.

प्रश्न : वरातीतील घोडी हलगीवर नाचते. म्हणजे जनावरांनाही ठेका कळतो का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाचणाऱ्या घोडीला पावले शिकवलेली असतात आणि ती मालकाच्या इशाऱ्यावर पडतात, वाजवणारेही तिच्या पावलांकडे बघून वाजवतात, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. लयीची जाण बहुधा सर्वच प्राण्यांत असावी, असे डार्विनने १८७१ मध्ये लिहिले होते. प्रत्यक्ष पुरावा मात्र थोड्या प्राण्यांचाच मिळाला आहे. अमेरिकेतील ‘स्नोबॉल’ नावाच्या काकाकुव्यासमोर गाण्याची गती कमी-जास्त केली, तर तो त्यानुसार मान आणि पाय हलवतो हे २००९ मध्ये सिद्ध झाले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘रोनन’ या समुद्रसिंहाच्या मादीने प्रशिक्षणानंतर तेच करून दाखवले. आपल्या जवळची नातेवाईक असलेली माकडे सुरुवातीच्या प्रयोगांत ठोका पडून गेल्यावरच हात टेकवत. आगाऊ अंदाज बांधायला त्यांना दीर्घ प्रशिक्षण द्यावे लागले.

प्रश्न : माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. घरात दारातून जाताना त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली तेव्हा टाळ-पखवाज ऐकत ते दिंडीबरोबर बरेच अंतर न अडखळता चालले. हा श्रद्धेचा परिणाम म्हणायचा का?
– एक वाचक, लोणंद

उत्तर : श्रद्धेने माणसाला उभारी येते यात शंका नाही, पण तुम्ही पाहिले त्याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. कंपवातात डोपामाइन कमी पडते आणि त्याचा फटका बसतो तो बेसल गँगलियाला, म्हणजे लय आतून राखणाऱ्या केंद्रांनाच. पुढचे पाऊल केव्हा उचलायचे हा हुकूम वेळेवर निघत नाही. बाहेरून ठेका मिळाला की कानाकडून हालचालीच्या भागांकडे जाणारी दुसरी वाट उपयोगी पडते. १९९० च्या दशकापासून यावर पद्धतशीर उपचार केले जातात आणि त्यामुळे अनेक रुग्णांची चालण्याची गती व पावलाची लांबी वाढल्याचे दिसले आहे. यामुळे आजार बरा होत नाही, औषधेही थांबवायची नसतात.

मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून आणि भौतिकोपचारतज्ज्ञ सोबत असताना हे सुरू करावे. आधी वडील नेहमीच्या चालीने मिनिटाला किती पावले टाकतात ते मोजा आणि सुरुवातीचा ठेका तेवढाच ठेवा. तो अंगवळणी पडल्यावर, तज्ज्ञांनी सांगितले तर, पाच ते दहा टक्क्यांनी वाढवता येतो. त्याहून वेगवान ठेक्यावर पावले आखूड पडून तोल जाण्याचा धोका असतो. टाळांची ध्वनिफीत चालेल, पण वडिलांना ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर स्वतः म्हणत चालता आले तर अधिक बरे, कारण त्याची गती त्यांच्याच हाती राहते आणि दारात पाय अडकला तर जागीच उभे राहून गजर पुन्हा धरून पहिले पाऊल उचलता येते. जिन्यावर हा प्रयोग करू नका, आणि रस्त्याने चालताना कानात गाणी ऐकण्याचे यंत्र (इअरफोन) घालू देऊ नका.