कोकणात डोंगरउतारावर घर घेतोय. वणव्याचा घराला खरंच धोका असतो का?

असतो, पण तुम्ही कल्पना करताय तसा नाही.

आमचं घर दापोली तालुक्यात, वाडीच्या टोकाला, मागे गवताळ सडा, म्हणजे कातळाचं पठार. शिमग्याच्या आगेमागे एखादी रात्र वणव्याच्या नावाने जागून काढायची, हे ठरलेलंच. ज्वाळा आजवर अंगणापर्यंत आल्या नाहीत. घात केला तो ठिणगीने. एका वर्षी सगळे सड्यावर ओले टहाळे घेऊन आग झोडपत होतो आणि इकडे ठिणगी उडून गोठ्याच्या माळ्यावरच्या पेंढ्यात पडली. आईला धूर दिसला. तिने आधी जनावरांची दावी सोडली, मग हाका मारल्या. पाणी मारायला गेलो, तर पंप बंद, वीज गेलेली. वरच्या झऱ्यावरून येणारा काळा पाईप वाटेतच वितळला होता. घर वाचलं ते भरून ठेवलेल्या दोन पिंपांवर. गोठा गेला, काजूची चाळीसेक कलमंही.

म्हणून पाणी साठवलेलं हवं. कौलांवरचा आणि पन्हळीतला पातेरा, म्हणजे वाळका पाला, जानेवारीतच काढा, लाकूडफाटा भिंतीला टेकवून रचू नका. घराभोवतीचं गवत वाळून कोळ होण्याआधी कापून घ्या.

आग चढावर धावते, उतारावर रेंगाळते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की पश्चिमेच्या उतारावर तिला आवरणं कठीण. तेव्हा आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहू नका. विझवायची ती पहाटे, वारा पडल्यावर, जळलेल्या बाजूने. एजंट ज्या उतारावरून समुद्र दाखवतो ना, आग त्याच वाटेने वर येते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे एसएमएस पाठवते. नोंदणी जरूर करा, पण उपग्रहाच्या दिवसाला मोजक्याच फेऱ्या, गवताची आग तोवर डोंगर ओलांडते. त्यापेक्षा खालच्या वाडीतल्या चार जणांचे नंबर जवळ ठेवा. लावतं कोण, ते विचारू नका. कुणाची भाजावळ (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं) हाताबाहेर जाते, कुणाला वाटतं जाळलं की गवत जोमाने येतं, कुणी शिकारीसाठी पेटवतो. कबूल कुणीच करत नाही.

जागा पावसाळ्यात बघितली असेल, तर व्यवहार करण्याआधी मार्चमध्ये एकदा या. दुपारी तीनच्या सुमारास.