पाइपावरचा आकडा आणि आतली पोकळी
घरातली पाण्याची लाइन : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : पाण्याच्या मीटरपासून आमचं घर शंभर फूट आत आहे. जुनी अर्ध्या इंचाची लाइन काढून नवी टाकायची आहे, कारण वरच्या मजल्यावर दोन बाथरूम वाढली. प्लंबर म्हणतो पाऊण इंच पुरे, भाऊ एक इंचाचा आग्रह धरतोय. पण मीटरच अर्ध्या इंचाचा असेल, तर पुढे जाड पाइप टाकून उपयोग काय?

उत्तर : आधी शेवटची शंका. मीटरची अडचण वीतभर लांबीची, तुमची लाइन शंभर फुटांची. घर्षणात जाणारा दाब लांबीबरोबर वाढतो, म्हणून मीटर लहान असला तरी पुढचा पाइप मोठा टाकल्याचा फायदा होतोच. फक्त मोठ्या पाइपाने दाब वाढत नाही. आहे तो वाटेत कमी खर्च होतो.

आता हिशेब मांडू. मीटरजवळच्या नळाला प्रेशर गेज लावा, घरातले सगळे नळ बंद करा आणि आकडा बघा. समजा १.५ बार (दाबाचं एकक) आला. (हे माप सगळीकडे पाणी चालू असतं त्या वेळेला घ्या, मध्यरात्रीचा आकडा फसवा असतो.) वरचा शॉवर १३ फूट उंच असेल तर त्या चढाला ०.४ बार गेले, कारण दर दहा फुटांना साधारण ०.३ बार लागतात. शॉवरच्या तोंडाशी निदान ०.५ बार हवेत. उरले ०.६. मीटर, पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह हे सगळं एवढ्यात बसवायचं.

किती पाणी एका वेळी लागेल? एक शॉवर ९-१० लिटर, एक स्वयंपाकघराचा नळ ८ लिटर, म्हणून मिनिटाला १८ लिटर धरू. सगळे नळ एकदम उघडे धरून हिशेब केला तर पाइप उगाच जाड निघतो. एवढ्या पाण्याला शंभर फूट गुळगुळीत प्लॅस्टिक पाइपात आतला व्यास १५ मिमी असेल तर सुमारे ०.६७ बार जातात, २० मिमीला ०.१७ आणि २५ मिमीला फक्त ०.०६. व्यास १५ वरून २० केला की नुकसान चौथाईवर येतं. १५ मिमीत तर नुसत्या पाइपातच सगळी शिल्लक संपते.

म्हणजे तुम्हाला आत २० मिमीच्या आसपास पोकळी हवी. आणि घोळ नेमका इथे होतो, कारण पाइपावर छापलेला आकडा म्हणजे आतला व्यास नव्हे. तांब्याच्या पाइपाच्या बाहेरच्या मापात येणारा सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिक पाइप) एसडीआर ११ चा, म्हणजे भिंत बाहेरच्या व्यासाच्या अकराव्या हिश्शाइतकी जाड असलेला, पाऊण इंच घेतला तर आत १८ मिमीच मिळतात. अर्धा इंच घेतला तर साडेबारासुद्धा नाहीत. पीपीआर आणि एचडीपीई हे प्लॅस्टिक पाइप बाहेरच्या व्यासाने विकतात. जाड भिंतीचा २५ मिमी पीपीआर, म्हणजे पीएन २० (२० बार दाबाच्या वर्गाचा), आतून १६.६ मिमी भरतो, तर एसडीआर ११ चा २५ मिमी एचडीपीई आतून २०.४. छापलेलं माप एकच, पण त्याच १८ लिटरना पहिल्यात ०.४१ बार जातात, दुसऱ्यात ०.१५.

त्यामुळे ‘पाऊण की एक’ हा वाद अर्धवट आहे. जमिनीखालून एचडीपीई नेत असाल तर २५ मिमी चालेल. सीपीव्हीसी पाऊण इंचात ०.२६ बार जातात, तेही बसतं. पीपीआर २५ मात्र घेऊ नका, कारण मीटरमध्ये जाणारे ०.१२ बार आणि जोडांसाठी पाइपाच्या नुकसानीवर वीस टक्के धरले की शिल्लक संपली. तिथे ३२ मिमी घ्या. पुढे तिसरं बाथरूम होण्याची शक्यता असेल तर भाऊ बरोबर आहे, पण फक्त मीटर ते घर या टप्प्यापुरता. चर पुन्हा खणण्यापेक्षा एक माप वर गेलेलं परवडतं. घरात शिरल्यावर फाटे लहानच ठेवा. का, ते पुढच्या उत्तरात येतं.

प्रश्न : आम्ही ‘फोर्स’ चांगला मिळावा म्हणून गरम पाण्याची लाइनही एक इंचाची केली. आता बेसिनला गरम पाणी यायला फार वेळ लागतो. गिझर बिघडला का?

गिझर ठीक असावा. एक इंची सीपीव्हीसीत दर मीटरला ०.४३ लिटर पाणी मावतं, अर्ध्या इंचीत ०.१२. लाइन बारा मीटर असेल तर पहिल्यात पाच लिटरांहून जास्त थंड पाणी आधी बाहेर काढावं लागतं, दुसऱ्यात दीड लिटर. बेसिनचा नळ मिनिटाला सहा लिटर देत असेल तर हा फरक पन्नास आणि पंधरा सेकंदांचा, शिवाय पाइप तापायला लागणारा वेळ वेगळा. एका नळाच्या फाट्याला अर्धा इंच पुरतो. दोन-तीन नळांना मिळून जाणारा भाग पाऊण इंच ठेवा. लाइन भिंतीत गाडलेली असेल तर ती बदलण्याचा खटाटोप करू नका, बेसिनजवळ लहान गिझर बसवणं सोपं.

प्रश्न : नळाचे आटे पट्टीने मोजले तर २१ मिमी भरतात, दुकानदार मात्र ‘अर्धा इंच’ म्हणून फिटिंग देतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी ना?

दुकानदार बरोबर आहे. अर्धा इंची बीएसपी (आपल्याकडे चालणारं ब्रिटिश माप) आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९६ मिमी असतो, पाऊण इंचीचा २६.४४ आणि एक इंचीचा ३३.२५. हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या मापावरून पडलं. एक सावधगिरी : परदेशी बनावटीच्या नळाला कधी एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला १४ च आटे, म्हणून दोन-तीन फेरे झकास बसतात आणि मग अडतात. आट्यांचा कोन बीएसपीत ५५ अंश, एनपीटीत ६०. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, तो जोड आज ना उद्या पाझरणार.

प्रश्न : भिंतीतला प्लॅस्टिकचा एफटीए (नळ बसतो तो आतून आटे असलेला जोड) दोनदा तडकला. दोन्ही वेळा नळ घट्ट पिळून बसवला होता.

घट्ट पिळला म्हणूनच तडकला. पितळी नळाचे आटे पुढे निमुळते होत जातात आणि प्लॅस्टिकच्या तोंडात पाचरीसारखे शिरतात. त्यात टेफ्लॉनचे जादा वेढे पडले की तोंड आणखी फाकतं. तडा लगेच दिसतोच असं नाही. बारीक चीर पडते आणि काही आठवड्यांनी टाइलखाली ओल येते. नळ बसणार तिथे नेहमी पितळी इन्सर्टचा एफटीए वापरा. उलट जोडणी, म्हणजे प्लॅस्टिकचा एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) धातूच्या सॉकेटात, चालते. टेप आट्यांच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर पिळताना ती सुटून गोळा होते. हाताने बसेल तितका बसवा, मग पान्याने एक ते दीड फेरा. नळाचं तोंड सरळ खाली यावं म्हणून शेवटचा पाव फेरा रेटण्याचा मोह टाळा. नळ काढून टेपचे वेढे कमी-जास्त करा.

प्रश्न : सगळी लाइन नवी, माप मोठं, तरी धार बारीक. कुठे बघू?

सर्वांत आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा. नव्या लाइनीत प्लॅस्टिकचा भुसा, टेफ्लॉनच्या चिंध्या आणि वाळू असतेच. जाळ्या आणि शॉवर लावण्यापूर्वी लाइन मोकळी सोडून धुवायला हवी होती. मग व्हॉल्व्ह. फुल बोअर बॉल व्हॉल्व्हमध्ये दाब जवळजवळ जात नाही, पण स्वस्त बॉल व्हॉल्व्हचं भोक पाइपापेक्षा एक माप लहान असतं. चकती दाबून बंद होणारा ग्लोब पद्धतीचा कॉक २० मिमी लाइनीत एकटाच वीस-बावीस फूट पाइपाइतका दाब खातो. एल्बो दोन फुटांइतका. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बाणाच्या दिशेने बसलाय ना, तेही तपासा.

पीपीआर असेल तर जोडांवर संशय घ्या. २० मिमी पाइप २६० अंशांवर पाच सेकंद, २५ मिमी सात आणि ३२ मिमी आठ सेकंद तापवायचा असतो. जास्त तापवून जोरात खुपसला की वितळलेल्या प्लॅस्टिकची कडी आत वळते आणि भोक निम्मं होतं. बाहेरून जोड अगदी देखणा दिसतो. एक तुकडा कापून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

प्रश्न : वॉशिंग मशीन पाणी थांबवतं तेव्हा पाइपात धाडकन आवाज होतो.

वाहतं पाणी एकदम अडवल्याचा हा दणका. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने येणारं पाणी क्षणात थांबलं, तर दाब सुमारे १२ बारनी उसळतो. प्लॅस्टिकमध्ये भिंत थोडी ताणते म्हणून कमी. मशीनच्या फाट्यावर वॉटर हॅमर अरेस्टर (हा दणका झेलणारं छोटं उपकरण) बसवा, पाइप क्लॅम्पने भिंतीला पक्का धरा आणि मशीनचा कॉक थोडा आवळून बघा. नव्या कामात वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत राहील असं माप निवडा. आतून १५ मिमीच्या पाइपाला ती मर्यादा मिनिटाला सुमारे १६ लिटरची, २० मिमीला २८ ची.

प्रश्न : मेन लाइनवरच थेट छोटा पंप बसवला तर?

नको. मुख्य वाहिनीतला दाब कमी असताना पंप तिथे पोकळी करतो आणि रस्त्याखालच्या गळक्या जोडांमधून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. शेजाऱ्यांचं पाणी तुटतं ते वेगळंच. मेन लाइन फ्लोट व्हॉल्व्हने (टाकी भरली की आपोआप बंद होणारा)  जमिनीखालच्या टाकीत सोडा, पंप त्या टाकीवर लावा. टाकीत येणाऱ्या पाइपाचं तोंड भरलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं मेन लाइनमध्ये ओढलं जाणार नाही.