कोण ऐकतंय ते आधी लिही

प्रिय बाय,

तुझी पटकथा वाचून संपवली आणि तुझं मूळ नाटक कपाटातून पुन्हा काढलं, कारण पटकथेत ते घर मला कुठे सापडेना. पहिली चार पानं ड्रोन. मांडवी नदी, पूल, पोफळींचं कुळागर, मग धाकटा भाऊ मिरामारच्या वाळूत एकटा बसलेला. आणि ज्याच्यासाठी तू सगळं नाटक लिहिलंस तो भावांमधल्या घराच्या वाटणीचा प्रवेश? सतरा पानांचा होता, अडीच पानांवर आलाय.

इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत कुठल्याशा कार्यशाळेत तुला सांगितलं म्हणे, की सिनेमा डोळ्यांचा असतो, संवाद नाटकाला लखलाभ, घराबाहेर पड. आता तू मला विचारतेस, "काका, नेमकी किती वाक्यं ठेवू?" हा प्रश्नच सोडून दे. प्रत्येक वाक्यापाशी थांब आणि एवढंच विचार: हे कोण ऐकतंय?

कला अकादमीच्या स्पर्धेत तुझं नाटक झालं तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. थोरला भाऊ बापाचं कर्ज मोजून दाखवत होता आणि माझ्या शेजारच्या बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या सगळा वेळ आईकडे बघत होत्या. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला त्या प्रवेशात एक वाक्य नाही. रंगमंचावर कुणाकडे बघायचं हे शेवटी प्रेक्षक ठरवतो. सिनेमात ते तू ठरवतेस, त्याच्या हातात काही उरत नाही. आणि नवा दिग्दर्शक कॅमेरा बोलणाऱ्यावर लावतो, कारण कागदावर नाव त्याचं असतं. मग भांडणाचा सिनेमा म्हणजे हलणाऱ्या तोंडांची रांग होते आणि सगळे म्हणतात, संवाद फार झाले. संवाद फार झालेले नसतात गं. ऐकणारं माणूस दाखवलेलं नसतं.

आता जावयाबद्दल. इथे मी खरंच चिडलो. नाटकात तो तीन अंक वसरीवर बसून असतो, फारसं बोलत नाही. पटकथेत तू त्याला काढूनच टाकलंस, का तर "त्याला संवाद नाहीत". अगं, गोव्याचं घर आहे ना ते? आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. मुलगी मुलाइतकीच वाटेकरी. बापाला मृत्युपत्रात मनाला येईल तसं लिहिता येत नाही, अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, आणि स्थावर विकायचं तर दोघांची सही लागते. पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक नाटकातला जावई चहा पिऊन उठून जाऊ शकतो. आपल्याकडे त्याच्या सहीशिवाय घराचा कोनाडासुद्धा विकला जात नाही. म्हणजे दोघे भाऊ घसा फोडून भांडतात ते ज्याच्या 'हो'साठी, तो माणूस गप्प बसून ऐकतोय. तुझ्या गोष्टीतली सगळी ताकद त्याच्या गप्प बसण्यात आहे. त्यालाच तू कापलंस! तो परत आण. त्याला एक वाक्यही वाढवू नकोस.

बाहेरची उदाहरणं फार देत नाही. पण 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ' बघ, एडवर्ड अल्बीच्या नाटकावरून माइक निकोल्सने 1966 मध्ये केलेला. नाटक सगळं एका दिवाणखान्यात घडतं, सिनेमात मंडळींना मध्येच एका रस्त्याकडेच्या बारमध्ये नेलंय. माझ्या लक्षात तो बार राहिला नाही. राहिलं ते घरी पाहुणे आलेलं तरुण जोडपं, ज्यांना यजमान नवराबायकोचं भांडण रात्रभर ऐकावं लागतं. आणि '12 अँग्री मेन' (1957) मध्ये सिडनी ल्युमेट जवळजवळ सगळा वेळ एका खोलीत बसतो. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर, वाइड लेन्स. पुढे कॅमेरा खाली येत जातो, लेन्स लांब होत जाते, छत दिसायला लागतं, भिंती अंगावर येतात. ताजी हवा हवी म्हणून कुणाला समुद्रावर न्यावं लागलं नाही.

तुला बाहेर जायचंच असेल तर घराच्या आत जा. रंगमंचावरच्या घराला तीन भिंती होत्या, स्वयंपाकघर म्हणजे डावी विंग. फोंड्याकडचं एखादं जुनं घर बघ. मध्ये राजांगण, भोवती खोल्या, एका खोलीतलं बोलणं राजांगणातून दुसऱ्या खोलीत जातं. पुढे भाऊ जमिनीचं बोलतात ते मागे नारळ खवणाऱ्या वहिनीला ऐकू येतं, माडीवर अभ्यास करणाऱ्या पोराला ऐकू येतं. हे नाटकात तुला करता आलं नव्हतं. इथे येईल. थोरल्याचं ते लांबलचक भाषण अख्खं ठेव आणि त्यावर खवणीवर थांबलेला वहिनीचा हात दाखव. ते भाषण लांब आहे म्हणूनच लागतं, ऐकणाऱ्याला सुटका नाही म्हणून लागतं. तू ते चार ओळींत आणलंस, मग मार कुठला?

कापायचं नाही असं मी म्हणत नाही. अडीच तासांचं नाटक जसंच्या तसं पडद्यावर नको. "अगो, तू कधी आलीस सावंतवाडीहून?" असली एन्ट्रीची वाक्यं जाऊ देत. एक्झिटला टाळी मिळावी म्हणून लिहिलेली जाऊ देत. "मला फार राग आलाय" हे तर जाऊच दे. पण कात्री घेण्याआधी ऐकणारा ठरव. त्याचा चेहरा जे सांगून मोकळा झाला, तेवढंच वाक्य जादा.

शूटिंगला ऐकणाऱ्याचा शॉट आधी घे, आणि तुकड्यातुकड्यांनी नको, प्रवेश सुरू होतो तिथून संपेपर्यंत. समोर बोलणारा नट खराखुरा उभा असू दे. सहायकाने कागदावरून वाचलेल्या वाक्यांवर चेहरा खोटा पडतो. तुझी मंडळी स्पर्धेत वाढलेली, जत्रेच्या नाटकात मांडवाच्या शेवटच्या चटईपर्यंत आवाज पोचवायला शिकलेली. त्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवून तालमी घे, शेजारच्या माणसाला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. आणि कौलारू घरात जुलैत सिंक साउंड, म्हणजे शूटिंग चालू असतानाच संवाद ध्वनिमुद्रित करायला जाऊ नकोस, पाऊस सगळी वाक्यं गिळेल.

माझ्याबद्दल लोक तुला काय सांगतात मला ठाऊक आहे. हट्टीपणापायी सिनेमा हातचा घालवला, असंच ना? माझ्या नाटकावर सिनेमा करायला एक निर्माता तयार होता. त्याला सुरुवातीला किनारा हवा होता, मध्ये गाणं हवं होतं, आणि आईची भूमिका कमी हवी होती, कारण "ती नुसती बसून असते". मी नाही म्हणालो. त्या आईचं काम करणारी आमच्या गावची बाई अशी ऐकायची, की समोरच्या नटाला आपलं वाक्य पुरं करणं जड जायचं. आज ती नाही. तिचं ते ऐकणं कुठल्याच फिल्मवर उतरलं नाही, आणि याचं दुःख मला रोज होतं. पण तिला कोपऱ्यात सारून केलेल्या सिनेमात तरी ते कुठून उतरलं असतं? आज तोच माणूस तेच मागायला आला तर आजही नाहीच म्हणेन. तू मात्र माझ्यासारखी वाट बघत बसू नकोस. तुझ्याकडे कॅमेरा आहे, नट आहेत, मामाचं घर आहे. निर्मात्याच्या होकाराची तुला गरजच नाही, आणि तरी तू न आलेल्या निर्मात्यासाठी ड्रोन उडवतेस, याचा मला राग येतो.

आता काम. वाटणीचा प्रवेश सतराच्या सतरा पानं परत टाइप कर, जावयासकट. डावीकडे बोलणाऱ्याचं नाव आहेच, उजव्या समासात प्रत्येक वाक्यासमोर ऐकणाऱ्याचं नाव लिही. 'सगळे' असं लिहिलेलं चालणार नाही, एकच नाव. जिथे समास रिकामा राहील तिथे खूण करून ठेव. रविवारी ती पानं घेऊन घरी ये, त्या वाक्यांचं काय करायचं ते आपण भांडून ठरवू.

तुझा,
काका