तिकीट पान 214 वर का?

पत्र थोडक्यात असं : खानापूरच्या बाई, वय 51, लग्नाला 27 वर्षं. मैत्रिणीनं एक जाडजूड मराठी कादंबरी वाचायला दिली. चाळीस वर्षांचा संसार, नवरा-बायको, आणि घडत काहीच नाही. महिला मंडळाच्या वाचनकट्ट्यावर यांनी सांगून टाकलं, 'रटाळ आहे. नुसतं दळण.' मैत्रीण फुगली. यजमानांचं किराणा दुकान, पेपरापलीकडं वाचन नाही. त्यांनी धो धो पावसात गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसून ती पुरी केली आणि म्हणाले, 'रटाळ कुठं? आपलंच की हे.' तेव्हापासून बाईंचा डोळ्याला डोळा नाही. विचारतात, 'माई, मी कंटाळले ती पुस्तकाला की संसाराला?'

अगंतुगं करा म्हणालीस, म्हणून करते.

आधी मैत्रिणीचं मिटवू. ती म्हणाली, 'इथं मराठी वाचणारे आधीच किती, त्यात तू नावं ठेव.' हे मी जन्मभर ऐकत आलेय. आपल्या सीमाभागात मराठी पुस्तकाला वाईट म्हटलं की घरच्या माणसाला चारचौघांत बोलल्यासारखं होतं. पाटीसाठी, शाळेसाठी, सरकारी कागदासाठी भांडून दमलेली माणसं आपण. पुस्तकाचीही कड घ्यायची सवय लागते. पण कडोलीच्या, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाला कधी मांडवात बसून बघ. वक्त्यानं पाल्हाळ लावला की मागची रांग सरळ उठून चहाला जाते, आणि बरा कवी उभा राहिला की पदरानं तोंड पुसत परत येते. ती काय मराठीची वैरीण? मैत्रिणीकडं जाताना पावशेर कुंदा ने. मत मात्र मागं घेऊ नकोस.

आता पुस्तक. मी ते वाचलेलं नाही, तुझ्या पत्रावरूनच बोलते. त्यातला नवरा म्हणे दर प्रकरणात झोपायच्या आधी दाराची कडी लावतो आणि दोनदा ओढून बघतो. 'पहिल्यांदा गंमत वाटली, सहाव्यांदा चीड आली,' असं लिहिलंयस. मला विचारायचंय, सहावी कडी पहिल्यासारखीच होती का? तशीच असेल तर लेखक आळशी, आणि तू म्हणालीस ते बरोबर. पण एखाद्या रात्री त्यातली बायको कडीचा आवाज ऐकायला जागी असते, एखाद्या रात्री तो यायच्या आत तिनंच ओढून बघितलेली असते, असं काही असेल तर गोष्ट चाललेली आहे, पाऊल तेवढं बारीक पडतंय. आपल्या बेळगावच्या इंदिरा संत बघ. 1946 साली नवरा गेला, त्या 2000 पर्यंत होत्या. चोपन्न वर्षं. कवितेत फिरून फिरून तोच विरह, पण येताना दर खेपेला वेगळ्या दारानं येतो. तिथं कुणी दळण म्हणत नाही.

आणि एक गोष्ट तू पत्राच्या चौथ्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात घातलीयस. '190 ते 250 मी नुसती चाळली.' अगं बाई! साठ पानं गाळून कट्ट्यावर भाषण ठोकलंस होय?

संसाराचं म्हणशील, तर कंटाळा येतो. मला 44 वर्षांत भरपूर आला, बाजाराच्या दिवशी जरा जास्तच. त्यात विशेष काही नाही, आणि पुस्तक कंटाळवाणं वाटलं म्हणून घर कंटाळवाणं ठरत नाही. तू दोन वेगळी बिलं एकाच वहीत मांडलीस. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. 'आपलंच की हे' हे त्यांचं वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलंय. पहिल्यांदा 'म्हणाले', मग 'टोमणा मारला', आणि शेवटी 'हसले आणि म्हणाले'. यातलं खरं कुठलं? तोंडाकडं बघितलं होतंस, की तेव्हा भाकरी तव्यावर होती?

तू म्हणतेस, त्यांनी खूण म्हणून बसचं जुनं तिकीट घातलं होतं, ते अजून पान 214 वर आहे, 'एवढाही व्यवस्थितपणा नाही.' मी हे वाक्य दोनदा वाचलं. तुझ्याच सांगण्यावरून त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय. मग तिकीट 214 वर कसं? वाचणाऱ्याची खूण पुढं पुढं सरकते आणि पुस्तक संपलं की गळून पडते. हा माणूस शेवटाला जाऊन परत मागं आला आणि त्या पानात तिकीट ठेवून गेला. पानही नेमकं तू चाळलेल्या साठांतलं. दुकानदार माणूस, उधारीच्या वहीत कुणाचं पान कुठं हे त्याला झोपेत सांगता येतं, आणि तू त्याला अव्यवस्थित म्हणतेस.

तिथं काय छापलंय ते मला ठाऊक नाही. भांडण असेल, आजारपण असेल, नुसता बटाट्याचा भाव असेल. आत्ताच त्यांना विचारायला जाऊ नकोस. विचारलंस तर 'कुठं काय' म्हणतील आणि तिकीट काढून टाकतील. दुपारी ते दुकानात असताना 190 पासून नीट वाच. तिकीट हलवू नकोस. मैत्रिणीला सांग, पुस्तक आणखी आठ दिवस लागेल, घरात एकाचंच वाचून झालंय.