तेफिलिनला ताईत म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: 'यहुदी लोकांचा प्रार्थनेचा ताईत हृदयाला उपकारक' असं एका मराठी मजकुरात वाचलं. मूळ शब्द तेफिलिन आहे असं कळलं. त्याला ताईत म्हणणं बरोबर का? आणि तिथेच आलेल्या 'रिमोट इस्केमिक प्रीकंडिशनिंग'ला मराठीत काय म्हणावं?

ताईत म्हणू नये. ताईत म्हटलं की दृष्ट, बाधा, इडापीडा यांपासून राखण करणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. ती एकदा गळ्यात किंवा दंडाला बांधली की बांधलेलीच राहते. तेफिलिन म्हणजे काळ्या चामड्याच्या दोन चौकोनी डब्या आणि त्यांचे लांब काळे पट्टे. डब्यांच्या आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेले तोराह या यहुदी धर्मग्रंथातले चार उतारे असतात, त्यातल्या 'निर्गम' नावाच्या पुस्तकातले दोन आणि 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले दोन. दंडावरच्या डबीत चारही उतारे एकाच चर्मपत्रावर असतात. डोक्यावरच्या डबीत चार कप्पे असतात आणि प्रत्येकात एक उतारा. हे सगळं सकाळच्या प्रार्थनेपुरतं बांधायचं आणि नंतर सोडून ठेवायचं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, तर बांधतच नाहीत, कारण तो दिवस स्वतःच देवाशी असलेल्या कराराची खूण मानला जातो. राखण करणारी वस्तू आठवड्यातून एक दिवस कोण काढून ठेवील?

'खूण' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तोराहमध्ये आज्ञा आहे ती ही वचनं हाताला खूण म्हणून बांधण्याची. नाव आलं ते हिब्रू 'तेफिला' म्हणजे प्रार्थना या शब्दावरून. घोळ झाला ग्रीकमध्ये. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 23व्या अध्यायात, याच वस्तूला 'फिलाक्टेरिऑन' म्हटलं आहे, आणि त्याचा अर्थ राखण करणारी वस्तू. इंग्रजीने तोच शब्द उचलला. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला मग तावीज-ताईत सुचणं साहजिक आहे. तावीज हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थही आश्रय घेणं, संरक्षण मागणं असाच आहे. म्हणजे भाषांतर ग्रीक शब्दाचं अचूक झालं, पण वस्तूचं चुकलं.

परका शब्द नको म्हणून कुणी अडून बसू नये. मराठी ही बेने इस्रायलींची, म्हणजे महाराष्ट्रातल्या यहुदी समाजाचीही मातृभाषा आहे. कोकणात तेलाच्या घाण्यावर काम करणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या 'शनिवार तेल्यां'नी सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाला, मशीद म्हटलं, आणि शेमा ही प्रार्थना मात्र हिब्रू नावानेच जपली. त्यांच्या परंपरेनुसार ग्रंथ हरवल्यानंतरही जे थोडं स्मरणात टिकलं त्यात शेमा होती. 'हे इस्राएल, ऐक' अशी सुरुवात असलेला हा उतारा तेफिलिनच्या चर्मपत्रावरच्या चार उताऱ्यांपैकी एक आहे. 'शेमा' मराठी माणसाच्या तोंडी इतकी शतकं चालली, तर 'तेफिलिन' चालायला काय हरकत आहे?

क्रियापदाची अडचण नाही. बांधणं हे मूळ आज्ञेतलंच क्रियापद आहे. उजव्या हाताने लिहिणारा माणूस डाव्या दंडावर, हृदयाच्या बाजूला कललेली अशी डबी बांधतो. मग पट्ट्याचे सात वेढे कोपराखालच्या हाताला आणि शेवटी वेढे मधल्या बोटाला. वैद्यकीय कुतूहल जागं झालं ते हात आवळणाऱ्या या वेढ्यांमुळेच.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ जॅक रुबिन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी 2018 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. 20 यहुदी पुरुष होते. त्यांतले 9 रोज तेफिलिन बांधणारे, 11 न बांधणारे. सगळ्यांना अर्धा तास बांधायला दिलं आणि आधी-नंतर रक्त तपासलं. न बांधलेल्या हातातला रक्तप्रवाहही मोजला. रोज बांधणाऱ्यांमध्ये तो जास्त होता आणि एकदाच बांधल्यावरही सगळ्यांमध्ये सुधारला. रोज बांधणाऱ्यांच्या रक्तात दाह वाढवणारे काही घटकही कमी आढळले.

इथे दुसरा प्रश्न येतो. 'इस्केमिया'ला काही जण रक्ताल्पता लिहितात. ते टाळावं, कारण वाचक त्याचा अर्थ ॲनिमिया असा घेतो. इथे अंगात रक्त कमी नाही, एका भागाला पोचणारं रक्त अडलं आहे. मला 'रक्तकोंडी' शब्द आवडतो, कारण कोंडी मराठी माणूस रोज रस्त्यावर अनुभवतो. 'प्रीकंडिशनिंग'ला 'पूर्वसंस्कार' छान वाटेल, पण धार्मिक विधीच्या शेजारी तो शब्द आला की वाचक वाट चुकेल. 'सराव' पुरे. हृदयाचा रक्तपुरवठा आधी थोडा थोडा वेळ रोखला तर पुढच्या मोठ्या कोंडीत हृदयस्नायूची हानी कमी होते, हे 1986 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं. पुढे दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून, सैल सोडूनही दूरच्या अवयवांना असं संरक्षण मिळतं का, हे तपासलं गेलं. म्हणून 'दूरस्थ रक्तकोंडीचा सराव'. पहिल्यांदा वापरताना शेजारी इंग्रजी संज्ञा देवनागरीत द्यावी.

शब्दापेक्षा मला जास्त खटकलं ते 'उपकारक' हे ठाम विशेषण. 20 माणसांच्या अभ्यासावर ते पेलत नाही. रोज तेफिलिन बांधणाऱ्या माणसाचा आहार, दिनक्रम, समाजातला वावर, सगळंच वेगळं असू शकतं. शिवाय खुद्द रक्तकोंडीच्या सरावाने मोठ्या चाचण्यांत निराशा केली आहे. 2015 साली हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या दोन चाचण्यांत आणि 2019 साली हृदयविकाराचा झटका आलेल्या 5000हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत रुग्णांना ठोस फायदा दिसला नाही. म्हणून 'उपकारक ठरू शकेल का, याचा शोध' इतकंच लिहावं. छातीत दुखणाऱ्या वाचकाने विशेषणावर विसंबून औषध लांबणीवर टाकलं तर त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

'हृदय' शब्दही जपून वापरायला हवा. शेमामध्ये 'ही वचनं तुझ्या हृदयात राहोत' असं येतं, तिथला हिब्रू 'लेवाव' म्हणजे मन, बुद्धी, अंतःकरण. मराठीतही हृदय दोन्ही अर्थांनी चालतं, त्यामुळे एकाच वाक्यात प्रार्थना आणि रक्तवाहिन्या आल्या की अर्थ निसटतो. प्रार्थनेबद्दल लिहिताना 'अंतःकरण' आणि तपासणीबद्दल 'हृदय' असं वाटून घेतलं तर वाचक गोंधळत नाही.

राहिलं लिंगवचन. हिब्रूत तेफिलिन अनेकवचनी आहे, पण मराठीत जोडीचा मिळून एक संच धरून मी नपुंसकलिंगी एकवचन वापरतो: तेफिलिन बांधलं, तेफिलिन सोडलं. फक्त एका डबीबद्दल बोलायचं असेल तर 'हाताचं तेफिलिन', 'डोक्याचं तेफिलिन' म्हणावं. हिब्रूतही असाच भेद करतात.