मारिओ गोल्फसाठी 680 डॉलर हप्त्यावर काढावेत का?

एडिसन, न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलं आहे: घरात नवरा-बायको आणि 8 व 11 वर्षांची दोन मुलं. चौघांनी मिळून खेळायला ‘मारिओ गोल्फ: सुपर रश’ हा निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम हवा आहे. स्विच 2 कन्सोल 450 डॉलर, गेम 60, जादा जॉय-कॉनची (हातात धरायच्या कंट्रोलरची) जोडी 95, ऑनलाइन कौटुंबिक वर्गणी 35. सेल्स टॅक्स धरून 680 च्या आसपास. दुकानाचं कार्ड 12 महिने बिनव्याजी देतंय. बचत जेमतेम एका महिन्याच्या खर्चाइतकी आहे आणि दर महिन्याला नाशिकला आईवडिलांना 300 डॉलर जातात. घ्यावं का?

ताई, खेळ जरूर घ्या. स्विच 2 मात्र घेऊ नका, आणि दुकानाचं कार्ड तर नकोच.

आधी कार्डाचं बोलू. तुम्ही पाठवलेल्या कागदावर बारीक अक्षरात ‘डिफर्ड इंटरेस्ट’ असं लिहिलं आहे आणि दर 29.99 टक्के आहे. म्हणजे व्याज माफ झालेलं नसतं, फक्त मागे ठेवलेलं असतं. बाराव्या महिन्याअखेर एक डॉलर जरी थकला, तरी खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लागतं. बिलावर 30 डॉलर किमान रक्कम दिसते म्हणून तेवढीच भरत गेलात, तर वर्षभरात 360 फिटतील, 320 उरतील आणि त्यावर 150 डॉलरच्या आसपास मागचं व्याज चढेल. वेळेत फेडायचं तर महिन्याला 57 डॉलर हवेत. तेवढे बाजूला काढता येत असतील, तर कार्डाची गरजच नाही.

आता यादी. हा गेम 2021 मधला, मूळच्या स्विचसाठी काढलेला. त्याला स्विच 2 लागत नाही. एका घरात, एका टीव्हीवर खेळायला ऑनलाइन वर्गणीही लागत नाही. नवी पात्रं आणि कोर्स (गोल्फची मैदानं) पुढच्या अपडेटमध्ये फुकट आले, त्यामुळे मुलं गेमच्या आत पैसे खर्च करतील ही भीती नाही. जादा जॉय-कॉन मात्र हवेत: कन्सोलसोबतच्या जोडीत दोघं खेळतात, प्रत्येकाच्या हाती एक.

मुलांना एक गोष्ट खरेदीआधीच सांगा. जाहिरातीत सगळे एकदम धावताना दिसतात तो ‘स्पीड गोल्फ’ एका कन्सोलवर फक्त दोघांना, अर्धा-अर्धा पडदा करून खेळता येतो. चौघांचा खेळ आळीपाळीने चालतो. 18 होल (चेंडू खड्ड्यात घालायचे टप्पे) घेतलेत तर धाकटा कंटाळेल; शाळेच्या दिवशी 3 होल पुरतात. चौघांनी एकदम धावायचं हाच हट्ट असेल तर हा खर्च करू नका.

माझा हिशोब असा: वापरलेला स्विच, गेमचं वापरलेलं कार्ट्रिज (कन्सोलमध्ये घालायची चकतीवजा पट्टी) आणि जॉय-कॉनची एक जोडी, मिळून 300 डॉलरची मर्यादा. बाहेरच्या जेवणातून महिन्याला 75 काढले तर चार महिन्यांत जमतात. नाशिकचे 300 आणि अडीनडीची गंगाजळी, दोन्हींना हात लागत नाही. गेम डाउनलोड करू नका, कार्ट्रिजच घ्या. मुलांचं मन भरलं की ते विकता येतं, डाउनलोड विकता येत नाही.

स्विचचं ‘लाइट’ मॉडेल स्वस्त दिसेल, पण ते टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे जॉय-कॉन सुटत नाहीत. वापरलेला स्विच घेताना डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड), अ‍ॅडॅप्टर आणि एचडीएमआय केबल सोबत आहे ना ते बघा. आधीच्या मालकाचं खातं आणि पालक-नियंत्रणाचा पिन त्यालाच काढून टाकायला सांगा. ई-शॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडून पाहा. उघडत नसेल तर त्या कन्सोलवर निन्टेन्डोची बंदी असू शकते. शेवटी सेटिंगमध्ये कंट्रोल स्टिकचं कॅलिब्रेशन उघडा आणि हात न लावता खूण मध्यावर स्थिर राहते का ते चारही जॉय-कॉनवर तपासा. खूण आपोआप सरकत असेल तर तो ‘ड्रिफ्ट’. गोल्फमध्ये नेम धरताना तो लगेच जाणवतो, तेव्हा ती जोडी परत करा.